लायकी

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख पाच महिने काळं होतं. जूनमध्ये मुळापाशी डाग पडला, नख वाढलं तसा तो पुढे सरकला, आणि दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मी नेलकटरने त्याची शेवटची काळी कड कापून टाकली. कापली आणि पोटात गोळा आला. ती कड होती तोवर माझ्याकडे पुरावा होता.

पुरावा एका साध्या गोष्टीचा. वाकडच्या फ्लॅटमध्ये त्याने माझा फोन टेबलाच्या खणात टाकला, मी तो काढायला हात घातला आणि त्याने खण ढकलून बंद केला. तो म्हणाला, खण तूच ढकललास, घाईत. मी म्हणाले, नाही, तू. तो हसला. मग नेहमीचं वाक्य आलं, "तुला ना, काहीच नीट आठवत नाही." बर्फ त्यानेच आणून दिला. एक वाजेपर्यंत मी बर्फात बोट धरून बसले होते, आणि झोपताना म्हणाले, "असेल. माझ्याच हातून झालं असेल. सॉरी."

मी पोटापाण्यासाठी दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधते. ग्राहकाचे पैसे दोनदा का कापले गेले, हे मिलिसेकंदापर्यंत मागे जाऊन सांगते. स्वतःच्या बोटावर खण कोणी ढकलला, हे मात्र मला ठरवता आलं नाही.

साडेतीन वर्षांचं नातं होतं. त्यातले सगळे दिवस वाईट नव्हते. (हे लिहिताना अजूनही त्याची वकिली केल्यासारखं वाटतं, पण खरं आहे ते.) मित्रांसमोर मी काही सांगायला लागले की तो मधेच म्हणायचा, "असं नव्हतं ते," आणि गोष्ट स्वतः पूर्ण करायचा. रागावला की चार-चार दिवस बोलायचा नाही, आणि पाचव्या दिवशी मी माफी मागायचे. कशाची, ते नंतर ठरायचं. हळूहळू मी बोलण्याआधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. हॉटेलात भाजी खारट आहे की नाही हेसुद्धा.

बाहेर पडण्याचा सिनेमात असतो तसा प्रसंग घडला नाही. वहिनीच्या डोहाळजेवणाला ऑगस्टमध्ये संभाजीनगरला आले, परतीचं तिकीट काढलेलं होतं, आणि मी बसस्टँडवर गेलेच नाही. ऑफिसला कळवलं की घरून काम करते. त्याला कळवायला आणखी आठ दिवस लागले.

नंतरचे महिने मी बऱ्याच जणी करतात तेच केलं. रील्स बघितल्या. स्वतःची किंमत ओळखा, तुमची किंमत न कळणाऱ्याला सोडून द्या, वगैरे. बघताना बरं वाटायचं, फोन बाजूला ठेवला की पुन्हा तेच. किंमत या शब्दाचीच मला अडचण होती. किंमत म्हटली की गिऱ्हाईक आलं. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ सालच्या एका पुस्तकात हा फरक केला आहे. जगात काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा. जिला किंमत आहे तिच्या जागी तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं. माणसाला प्रतिष्ठा असते, त्याच्या बदल्यात काही ठेवता येत नाही. वाचायला छान आहे. पण रात्री दोन वाजता, तुमच्याकडे प्रतिष्ठा आहे हे कांटकडून कळून काही होत नाही. असेल, पण ती मला सापडत नव्हती.

मराठीत आपण म्हणतो, अमक्याने माझी लायकी काढली. खिशातून पाकीट काढावं तशी. या शब्दप्रयोगातच कबुली आहे की लायकी काय ते दुसराच ठरवणार, आणि चारचौघांत मांडणार. मला जास्त जवळचा वाटलेला शब्द निराळा आहे, पत. (मराठवाड्यात पतसंस्था म्हटलं की लोक आधी आपलं पासबुक चाचपतात, पण तो विषय वेगळा.) पत म्हणजे बाजारात तुमच्या शब्दावर उधारी मिळणं. तुम्ही म्हणालात ना, मग ठीक, असं समोरच्याने म्हणणं. माझं काय हरवलं होतं ते या शब्दाने मला कळलं. माझी माझ्याजवळ पत उरली नव्हती. मी काही बघितलं, ऐकलं, मला काही दुखलं, तरी माझ्या नुसत्या शब्दावर मीच विश्वास ठेवत नव्हते. बाहेरचा साक्षीदार लागायचा. तो साक्षीदार म्हणजे एक नख होतं, आणि ते मी कापून टाकलं.

"काय बघू राहिली गं माय नखाकडं?" आजीने विचारलं.

आजी, म्हणजे बाबांची आई, वैजापूर तालुक्यातली. आजोबा गेल्यापासून सिडकोत आमच्याकडे असते. शहराला अजून औरंगाबादच म्हणते. तिला मी सगळं सांगितलं नव्हतं, पण घरात एक मुलगी दुपारी तीनला अंघोळ करते आणि जेवताना रडते एवढं बघून जे कळायचं ते तिला कळलं होतं. ती म्हणाली, "शिऊरला चल एकदा. बहिणाबाईच्या समाधीला."

मला वाटलं, जळगावच्या बहिणाबाई चौधरी. गूगललाही तसंच वाटतं. आजी जिच्याविषयी बोलत होती ती त्यांच्या अडीचशे वर्षं आधीची, संत बहिणाबाई, तुकोबांची शिष्या. वारकरी परंपरेची इमारत, तिचा पाया आणि कळस सांगणारा तो प्रसिद्ध अभंग हिचाच. तो शाळेत कुठेतरी ऐकला होता. तो लिहिणारी बाई आमच्या जिल्ह्यातली आहे, हे इंजिनिअरिंगपर्यंत शिकून मला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी बाबांनी गाडी काढली. वेरूळ ओलांडलं, कसाबखेडा, मग देवगाव रंगारी. रस्त्याकडेला मक्याचे ढीग आणि वेचणीला आलेला कापूस. देवगावात आजी म्हणाली, "हे तिचं माहेर." मग शिऊर आलं. "हे सासर." वेरूळची लेणी बघायला मी शाळेच्या सहलीत चारदा तरी आले असेन. लेण्यांच्या पुढे हा रस्ता कुठे जातो असा प्रश्न कधी पडला नव्हता. समाधीपुढे आजी बराच वेळ डोकं टेकवून बसली. मी बाहेर पायरीवर बसून फोनवर जे मिळेल ते वाचत होते. पुढचे दोन आठवडे वाचतच राहिले.

बहिणाबाई १६२८ सालची. अगदी लहानपणी तिचं लग्न तीसएक वर्षांच्या बिजवराशी झालं, गंगाधर पाठक, विद्वान ब्राह्मण. कर्ज आणि भाऊबंदकीला कंटाळून कुटुंबाने गाव सोडलं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर करत मंडळी कोल्हापूरला पोचली. तिथे नवऱ्याला एक गाय दान मिळाली, सोबत वासरू. अकरा वर्षांच्या या मुलीचा त्या वासरावर जीव जडला आणि वासराचा तिच्यावर. ते तिच्या मागे मागे फिरायचं, तिच्याशिवाय खायचं-प्यायचं नाही. जयरामस्वामींच्या कीर्तनालाही ते तिच्यासोबत गेलं. गर्दीत अडचण नको म्हणून लोकांनी वासरू बाहेर काढलं, तेव्हा बाहेर ते हंबरायला लागलं आणि आत ही रडायला लागली. स्वामींनी वासराला आत आणवलं आणि दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला.

गावात याची चर्चा झाली. नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने तिला केसांना धरून मारलं, बांधून ठेवलं.

गाय-वासराने वैरण तोंडात घेतली नाही. पुढे वासरू मेलं, ही शुद्ध हरपून पडली, आणि त्या अवस्थेत तिला तुकोबांचं दर्शन झालं. मग नवऱ्याचा दुसरा राग सुरू झाला. एका ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानायचं? आणि लोक तिच्या पाया पडायला येणार, मग मला कोण विचारणार? हा दुसरा प्रश्न वाचताना मी फोन पालथा ठेवला. माझी बढती झाली त्या आठवड्यातलं वाकडचं घर आठवलं.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण तिने ते स्वतः अभंगांतून सांगून ठेवलं. मराठीतल्या सर्वांत जुन्या आत्मकथनांत त्याची गणना होते. जस्टिन अॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने १९२९ मध्ये ते इंग्रजीत नेलं. संतचरित्रं साधारणपणे भक्तांनी लिहिलेली असतात, आणि भक्ताच्या गोष्टीत मार खाणारा संत शेवटी चमत्काराने जिंकतो. इथे मार खाल्लेली मुलगी मोठी होऊन स्वतः सांगते. माझं वय इतकं होतं, गाव हे होतं, घर याचं होतं, वासरू असं होतं, आणि मग असं झालं. तिच्या भागवत धर्माइतकाच मला तिचा हा हिशेबीपणा भावला. कुलकर्ण्याची मुलगी शेवटी.

पण पुढे ती निघून जात नाही. नवराच तिला सोडून जायला निघतो, ती गरोदर असताना. मग तो आजारी पडतो, ती त्याची सेवा करते, तो बरा होतो, त्याचं मत बदलतं, आणि सगळे देहूला तुकोबांकडे जातात. मधल्या अभंगांत ती स्वतःला समजावते की नवरा हाच देव, त्याची सेवा हाच धर्म. बाईचा जन्म मिळाला तो मागच्या पापांमुळे, असंही म्हणते. हे वाचून मी चिडले. पत्नी आणि संत या तिच्या दोन भूमिकांतल्या ओढाताणीवर अॅन फेल्डहाउस या अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये एक लेख लिहिला आहे. पण माझी चीड अभ्यासकाची नव्हती. मला तिने निघून जायला हवं होतं, कारण मी साडेतीन वर्षं निघाले नव्हते.

त्याच सुमारास एका मैत्रिणीला मी खणाची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतलं, आणि मग म्हणाली, "पण तू एवढी शिकलेली, कमावती. राहिलीसच कशी?" तिच्या मनात वाईट नव्हतं. मात्र त्या रात्री मला कळलं की माझी लायकी आता दुसऱ्यांदा काढली गेली. त्याच्या मते मी नालायक होते कारण मला काही कळत नाही. मैत्रिणीच्या हिशेबात मी कमी पडले कारण कळत असून निघाले नाही. रील्सचंही तेच म्हणणं, स्वाभिमान असता तर गेली असती.

हे गृहीतक मला चुकीचं वाटतं, आणि ते बहिणाबाईमुळे वाटायला लागलं. निघून जाणं हीच परीक्षा धरली तर निघू न शकलेल्या सगळ्या नापास. १६४० च्या आसपासची, अकरा-बारा वर्षांची, परगावी असलेली मुलगी निघून जाणार कुठे? तिच्यानंतर अडीचशे वर्षांनी, १८८७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने रखमाबाईंना सांगितलं की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढच्या वर्षी नवऱ्याने दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला आणि त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. रखमाबाईंची गोष्ट मला फार आवडते. पण ती सांगताना त्यांच्यामागे वडिलांच्या जागी असलेले डॉक्टर सखाराम अर्जुन होते, वर्तमानपत्रं होती, दोन हजार रुपये होते, हे गाळू नये. निघण्याला स्वाभिमानाइतकीच साधनं लागतात. माझ्याकडे पगार होता, सिडकोत माझी खोली होती, काही न विचारता चहा ठेवणारी आई होती. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा होता, जो टोमणे, अपमान आणि पैशांची अडवणूक यांनाही छळ म्हणतो आणि लग्नासारख्या नात्यांनाही लागू होतो. एवढं असून मी निघाले नाही, कारण हे सगळं वापरायला आधी एक वाक्य ठामपणे म्हणावं लागतं, की असं असं घडलं. तेच माझ्याकडे नव्हतं. कायद्यालाही शेवटी कधी, कुठे, काय ते सांगावं लागतं.

बहिणाबाईकडे बाकी काही नव्हतं, ते वाक्य होतं. नवऱ्याला देव म्हणतानाही तिने केस धरल्याचा अभंग खोडला नाही. नंतर तो सुधारला, म्हणून आधीचं गोड करून घेतलं नाही. मला तिचं पतिव्रत्य नको आहे, कर्मविपाक तर नकोच. आणि लिहून ठेव आणि सोस, असा अर्थ यातून कोणी काढला तर तो मी हाणून पाडीन. बाहेर पडता येत असेल तर पडावं, एकटीने जमत नसेल तर १८१ फिरवावा. माझं म्हणणं इतकंच की राहिलेल्या बाईकडेही काही शाबूत असू शकतं, आणि निघालेल्या बाईकडेही ते नसू शकतं. मी ऑगस्टमध्ये निघाले. नोव्हेंबरपर्यंत माझ्याकडे ते नव्हतं.

आमच्या कामात मोठी गडबड झाली, सिस्टिम पडली, लोकांचे पैसे अडकले, की नंतर एक अहवाल लिहावा लागतो. पोस्टमॉर्टेम म्हणतात त्याला. पहिला नियम असा की आधी टाइमलाइन लिहायची. किती वाजता काय झालं. विशेषणं नाहीत, दोष कोणाचा ते नाही. कारणं नंतर. नवखी असताना मला हे कंटाळवाणं वाटायचं. मग लक्षात आलं की कारणापासून सुरुवात केली तर ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण खरं ठरतं.

माझं नेमकं तेच चाललं होतं. रात्र रात्र जुने चॅट वाचून मी कारण शोधत होते, माझं कुठे चुकलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक कोरी फाइल उघडली आणि टाइमलाइन लिहिली.

"१४ जून. रात्री पावणेअकरा. त्याने माझा फोन खणात ठेवला. मी उजवा हात खणात घातला. डाव्या हातात माझ्या चार्जर होता. त्याचा हात खणावर होता. खण बंद झाला."

चार्जर. सहा महिन्यांत हा चार्जर मला एकदाही आठवला नव्हता. फोन चार्जिंगला लावायचा म्हणून मी तो घेऊन उभी होते. एक हात खणात, एका हातात चार्जर. खण ढकलायला मला तिसरा हात लागला असता. मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्याने म्हणाले, "तू ढकललास." खोलीत कोणी नव्हतं. आठवण कुठे गेली नव्हती, तिला कोणी नीट विचारलं नव्हतं इतकंच.

चार्जर आठवला नसता तर? हा प्रश्न मला नंतर बरेच दिवस छळत होता. दर वेळी असा हुकमी पुरावा मिळत नाही. फाइलमध्ये पुढे चाळीसएक नोंदी झाल्या, त्यातल्या बहुतेकांना माझ्या शब्दापलीकडे आधार नाही. काही तारखा चुकल्या असतील. पण तीस-पस्तीस नोंदी झाल्यावर मी पुरावा शोधणं सोडून दिलं होतं, नुसतं लिहीत होते. अमेरिकन तत्त्वज्ञ सुसान ब्रायसन यांच्यावर १९९० मध्ये फ्रान्समध्ये जीवघेणा हल्ला झाला होता. २००२ च्या त्यांच्या पुस्तकात त्या म्हणतात की मोडलेलं मीपण आपली हकीकत सांगण्यातून पुन्हा उभं राहतं, आणि त्यासाठी ऐकणारं कोणीतरी लागतं. दुसऱ्या भागाशी मी आधी भांडले. पुन्हा साक्षीदार हवाच का? आता वाटतं, ऐकणारा आणि तपासणारा यांत फरक आहे. मैत्रिणीने तपासलं होतं.

आजीने ऐकलं. संक्रांतीच्या आधी गच्चीवर उन्हात ती तीळ निवडत होती, तेव्हा मी तिला फाइल वाचून दाखवली. सगळी नाही, पंधरा-वीस नोंदी. ती मधे काही बोलली नाही. एकदा फक्त म्हणाली, "कोणत्या बोटाला?" मी दाखवलं. तिने ते बोट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने तीळ पाखडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग सूप खाली ठेवलं.

"बहिणाबाईनं लिहून ठिवलं," ती म्हणाली. "मी चौथी शिकलेली. मला येत होतं लिहिता. नाही लिहिलं."

मी तिच्याकडे बघितलं. आजोबांच्या खांद्यावर बसून मी गावची जत्रा बघितली आहे. गुळाची जिलेबी ते आधी मला द्यायचे, मग स्वतः खायचे. ते सांगणार होते तरी काय आजीला, कधी, कशावरून? मला विचारायचं नव्हतं. मला उठून खाली जायचं होतं. तोंडावर आलं होतं, "आजोबा? नाही गं, तुला नीट आठवत नसेल."

मी ते गिळलं.

"तुझ्या त्या फोनमधी लिहिता येतं ना?" आजी म्हणाली. "मंग लिही."

"साल कोणतं, आजी?"

"बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढलं. तुझा बाप झालेला नव्हता अजून. तूर सोंगायला आली होती, सकाळची येळ. मी भाकरी घेऊन बांधावर गेले, तर..." ती थांबली. "लिहिलं का तेवढं?"

"लिहिलं. तूर, सकाळ, बांध. पुढे?"